आधी मोजा, मग खोला: इनटेक मॅनिफोल्डचं काम टप्प्याटप्प्याने कसं विकायचं

गॅरेजवाल्यांसाठी केलेल्या मागच्या व्हिडिओनंतर नांदेड-लातूर पट्ट्यातल्या बऱ्याच मुलांनी एकच प्रश्न विचारला. "सर, नुसतं ऑइल बदलून आणि पंक्चर काढून भागत नाही. गाडीचा पिकअप वाढवायचं काम सुरू करावं म्हणतो. चालेल का?"

चालेल. पण आधी माझं कसं बुडालं ते ऐका.

ट्रेनिंगच्या धंद्यात येण्याआधी मी नांदेडला भागीदारीत एक छोटं गॅरेज चालवत होतो. एक दिवस एक तरुण गिऱ्हाईक १२०० सीसीची पेट्रोल गाडी घेऊन आला. म्हणाला, "दादा, अहमदपूरला जाताना चढावर गाडी दम तोडायलीय. काय लागल ते करा, पण पळाली पाहिजे." पैसे द्यायला तयार गिऱ्हाईक समोर उभं असलं की आपली अक्कल थोडी मागे सरकते. मी त्याला एका झटक्यात सगळं करून दिलं. मोठी थ्रॉटल बॉडी, उघडा कोन फिल्टर, मॅनिफोल्ड काढून आतून घासून रुंद केला, पाइप बदलले. बिल ३८ हजार.

चार दिवसांनी गाडी परत. सिग्नलला उभी राहिली की इंजिनचा आवाज वर-खाली होतो, आणि चढावर पूर्वीपेक्षा जास्त रडते. आता बघा माझी पंचाईत. मी एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या होत्या. बिघाड चौघांपैकी कशात आहे हे मला कळेना. आणि गाडी पूर्वी नेमकी कशी चालत होती, याचा एक आकडाही माझ्याकडे लिहिलेला नव्हता. बारा दिवस ती गाडी माझ्या दारात उभी होती. अर्धे पैसे परत केले, तोंड वेगळं लपवावं लागलं. शेवटी दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं मुख्य दोष शोधला: मॅनिफोल्डचं गॅस्केट नीट बसलेलं नव्हतं, तिथून हवा आत ओढली जात होती. बाकी थोडा दोष कोन फिल्टरचा, थोडा मी रुंद केलेल्या वाटांचा. म्हणजे गिऱ्हाइकाचे ३८ हजार खर्चून मी गाडी हळू केली होती.

त्या बारा दिवसांत जे शिकलो ते आज तुमच्यासमोर ठेवतो. हे काम पॅकेज म्हणून विकू नका, टप्प्याने विका. प्रत्येक टप्प्याआधी मोजा, नंतर मोजा, आकडा गिऱ्हाइकाच्या हातात द्या, आणि पुढचा टप्पा घ्यायचा की नाही ते त्याला ठरवू द्या.

ज्यांना इंजिनची फार माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. इंजिन म्हणजे हवेचा पंप. १२०० सीसीचं इंजिन ३००० आरपीएमला, पूर्ण रेस दिलेली असताना, कागदावर मिनिटाला १८०० लिटर हवा ओढतं. हिशोब सोपा आहे. दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडर भरतात, म्हणून १.२ लिटर गुणिले १५००. ही हवा फिल्टरमधून, पाइपमधून, थ्रॉटलमधून मॅनिफोल्डमध्ये येते आणि तिथून प्रत्येक सिलिंडरला वाटली जाते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवेची वाट अडली, किंवा मोजणी चुकवून कुठून तरी फुकटची हवा आत शिरली, की ताकद गेली आणि ॲव्हरेजही गेलं. मॅनिफोल्ड म्हणजे शेतातल्या पाटाच्या दांडासारखा. मोटर कितीही मोठी बसवा, दांड गाळानं भरला असेल किंवा मध्येच फुटला असेल, तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही.

आता टप्पे. मी पहिल्याला शून्य टप्पा म्हणतो, कारण यात गाडीचा एक नटही खोलायचा नाही.

शून्य टप्प्यात फक्त मोजायचं. गावाबाहेरचा एक सरळ, मोकळा रस्ता ठरवून घ्या आणि कायम तोच वापरा. तिसऱ्या गिअरमध्ये ४० पासून ७० पर्यंत जायला किती सेकंद लागतात, हे तीन वेळा मोजा, सरासरी काढा. टायरमधली हवा तीच, गाडीत माणसं तेवढीच, आणि शक्यतो सकाळची वेळ. सकाळची का, ते पुढे सांगतो. मग पेट्रोल गाडी असेल तर व्हॅक्यूम गेज लावा. इंजिन गरम होऊन आयडलिंगला स्थिर चालत असताना समुद्रसपाटीला साधारण १७ ते २१ इंच रीडिंग निरोगी समजतात. पण इथं एक गंमत आहे, जी पुस्तक वाचून आलेल्या पोरांना माहीत नसते. दर हजार फूट उंचीला हे रीडिंग साधारण एक इंच कमी येतं. नांदेड गोदावरीच्या काठी, साधारण १२०० फुटांवर. लातूर बालाघाटच्या पठारावर, साधारण २००० फुटांवर. म्हणून १६ ते २० इंच हे नांदेडचं निरोगी, १५ ते १९ हे लातूरचं. नांदेडला १७ दाखवणारी गाडी लातूरला १६ च्या आसपास दाखवेल आणि तिच्यात काहीही बिघडलेलं नसेल. हे माहीत नसलेला मिस्त्री लातूरच्या गिऱ्हाइकाच्या चांगल्या गाडीचा मॅनिफोल्ड उगाच खोलतो.

सुईकडे नीट बघायची सवय लावा. स्थिर पण खाली असेल तर बहुतेक वेळा कुठून तरी हवा शिरतेय किंवा टायमिंग मागे आहे. ठरावीक ठेक्यात थरथरत असेल तर एखाद्या सिलिंडरचा किंवा वॉल्व्हचा प्रश्न, आणि तिथं मॅनिफोल्डचं कोणतंच काम उपयोगी पडणार नाही. अशा गिऱ्हाइकाला सरळ सांगा: "भाऊ, तुझी गाडी माझ्या कामाची नाही, आधी इंजिन दाखव." मी असं सांगायला लागल्यावर माझं गिऱ्हाईक कमी झालं नाही, वाढलं.

जुन्या डिझेलला बहुधा थ्रॉटल नसतो, त्यामुळे व्हॅक्यूम गेजचा तिथं उपयोग नाही. तिथं सेकंद मोजा, धुराचा रंग बघा, आणि टर्बो असेल तर पाइपांच्या जोडांवर हात फिरवा. जोडाभोवती तेलकट काळं लागलं की समजा, दाब तिथून निसटतोय.

पहिला टप्पा: वाट मोकळी करा, गळती बंद करा. फिल्टर, फिल्टरचा डबा, रबरी पाइप, क्लिप, गॅस्केटच्या कडा. मराठवाड्यात हा टप्पा म्हणजे निम्मा धंदा आहे. काळ्या मातीची धूळ कशी असते ते तुम्हाला मी सांगायला नको. ऊस गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या रस्त्यावर पळणारा पिकअप, किंवा सोयाबीनच्या हंगामात गावातून लातूरच्या आडतीला पोती आणणारी गाडी घ्या. कंपनीच्या पुस्तकात फिल्टर बदलायचा जो आकडा लिहिलाय, तो अशा धुळीच्या गाडीला लागू नाही. त्याच पुस्तकात बहुधा धुळीच्या रस्त्यासाठी वेगळी सूचना असते, ती कोणी वाचत नाही. आणि कागदी फिल्टरवर जवळून जोरात हवा मारणं बंद करा. कागद बारीक फाटतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि ती धूळ थेट रिंगांना घासते.

कोन फिल्टरबद्दल एकदा बोलून टाकतो, कारण पोरांना तो फार आवडतो. आवाज छान येतो, मान्य. पण बॉनेटखाली उघडा बसवलेला फिल्टर इंजिनभोवतीची तापलेली हवा ओढतो. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना बॉनेटखाली समजा ६५ आहे. ६५ अंशांची हवा ४२ अंशांच्या हवेपेक्षा जवळपास सात टक्के विरळ असते. म्हणजे गिऱ्हाइकानं पैसे देऊन सात टक्के हवा गमावली. कंपनीचा तो कुरूप काळा डबा समोरून, बाहेरची हवा घेतो. तो तसाच राहू द्या. चाचणी सकाळी घ्या म्हणालो तेही याचसाठी. सकाळी २५ अंशांना आणि दुपारी ४२ अंशांना मोजलेल्या आकड्यात नुसत्या हवेमुळे पाचेक टक्क्यांचा फरक असतो. दुपारी "आधी" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी "नंतर" मोजलं तर काहीही न करता गाडी सुधारलेली दिसेल. काही लोक हे मुद्दाम करतात. तुम्ही करू नका, कारण तेच गिऱ्हाईक दुपारी गाडी चालवणार आहे.

दुसरा टप्पा म्हणजे मॅनिफोल्ड काढून साफ करणं, आणि डिझेल गाड्यांत खरी जादू इथं आहे. ईजीआर वॉल्व्ह जळालेल्या धुराचा काही भाग परत आत सोडतो. क्रँककेसमधून तेलाची वाफ येते. काजळी आणि तेल एकत्र आलं की डांबर तयार होतं आणि मॅनिफोल्डच्या भिंतीला थरावर थर चढतात. आकडा ऐका. ४० मिलिमीटरच्या वाटेत चारी बाजूंनी ४ मिलिमीटर थर बसला, तर उरते ३२ ची वाट. व्यासात आठच मिलिमीटर गेले, पण क्षेत्रफळाच्या हिशोबानं ३६ टक्के वाट बंद झाली. शहरात कमी वेगानं फिरणाऱ्या गाड्यांत हा थर लवकर बसतो.

हे काम शिकताना चार गोष्टींवर थांबा. काढण्याआधी प्रत्येक नळीचा, प्रत्येक सॉकेटचा मोबाइलवर फोटो. मॅनिफोल्ड निघाल्याबरोबर हेडची तोंडं स्वच्छ कापडानं बंद, कारण एक कार्बनचा खडा आत गेला तर तुमची वर्षाची कमाई जाईल. ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड कॉस्टिक सोड्यात बुडवू नका. कॉस्टिक लोखंडाला चालतं, ॲल्युमिनियमला खातं. असा खाऊन पांढरा पडलेला भाग मी स्वतः पाहिलाय, आणि त्याची भरपाई गॅरेजवाल्याला करावी लागली. आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांचा मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा असतो, त्याला गरम पाणी उकळून किंवा तारेचा ब्रश मारून चालत नाही. आणि बसवताना गॅस्केट नवं, बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टॉर्क रेंचनं, कंपनीनं दिलेल्या आकड्यावर. "हाताला अंदाज आहे" हे वाक्य मला ३८ हजारांना पडलं.

ईजीआर पत्रा लावून बंद करून द्या, असं दहातली तीन गिऱ्हाइकं म्हणतील. तो प्रदूषण नियंत्रणाचा भाग आहे, साफ करून परत चालू करून द्यायचा. बंद केला तर नव्या गाडीत इंजिनचा दिवा पेटतो आणि जबाबदारी तुमच्या बिलावर येते.

तिसऱ्या टप्प्याला पोर्ट मॅचिंग म्हणतात. मॅनिफोल्डचं तोंड आणि हेडचं तोंड बऱ्याचदा काटेकोर जुळत नाही, एखाद-दोन मिलिमीटरची पायरी राहते. हवा त्या पायरीवर आपटते. गॅस्केटचा छाप घेऊन ती पायरी ग्राइंडरनं उतरवायची, बस. वाट रुंद करायची नाही. मी तीच चूक केली होती. लांब आणि अरुंद वाटेत हवेचा वेग टिकतो आणि कमी आरपीएमला सिलिंडर चांगला भरतो, आखूड आणि रुंद वाट वरच्या आरपीएमला फायद्याची. तुमचं गिऱ्हाईक लोह्याच्या रस्त्यावर २००० ते ३००० आरपीएमला, मागे चार माणसं बसवून चालवतं. त्याला ६००० आरपीएमची ताकद विकून काय उपयोग? आरशासारखं पॉलिशही नको, पेट्रोल गाडीत इंधन वाटेतच फवारलं जातं तिथं थोडा खरखरीतपणा मिसळायला मदत करतो. मोठी थ्रॉटल बॉडीही पाय पूर्ण दाबल्यावरच काही देते. अर्ध्या पायाला गाडी फक्त हिसके मारल्यासारखी वाटते आणि गिऱ्हाइकाला तो पिकअप वाटतो.

चौथा टप्पा म्हणजे नवीन घडवलेला मॅनिफोल्ड आणि त्यासोबत ईसीयूचं मॅपिंग. याचं घर आपल्या रस्त्यावर नाही, रेसिंग ट्रॅकवर आहे. ज्यांना खरंच यात जायचंय त्यांनी फॉर्म्युला भारत ही इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा बघावी. तिथं पेट्रोल गाडीच्या इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून, म्हणजे जवळपास रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेतून घ्यावी लागते. नियमच तसा आहे. मग पोरं त्या भोकामागचा हवेचा डबा किती लिटरचा ठेवायचा, वाटा किती लांब ठेवायच्या, यावर महिनोन् महिने डोकं लावतात. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांचे संघ त्यात असतात. कोल्हापूरला मोटरस्पोर्टचं वेड आहे आणि शिरोली, गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आहेत, त्यामुळे ओतकाम करून घ्यायचं तर तिकडची वाट धरा. पण नांदेड-लातूरला आज गॅरेज टाकताना हा टप्पा बोर्डवर लिहू नका.

कायद्याचंही कारण आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. साफसफाई, गळती काढणं, कंपनीच्या मापाचे भाग बदलणं म्हणजे दुरुस्ती. इंजिनचा स्वभाव बदलणं म्हणजे बदल. शंका आली तर एमएच-२६ वाल्यांनी नांदेडच्या आणि एमएच-२४ वाल्यांनी लातूरच्या आरटीओत जाऊन विचारावं. विम्याचा दावा अडला तर गिऱ्हाईक तुमच्याच दारात येणार, कंपनीच्या नाही.

आता पैशाचं बोलू. खालचे दर मी उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या गावाचे तुम्ही घाला. शून्य टप्प्याची चाचणी ३०० रुपये, वेळ अर्धा तास. पहिला टप्पा, मजुरी ७००, वेळ दोन तास. दुसरा टप्पा, मजुरी ३५००, त्यातून केमिकल-गॅस्केटचे ८०० गेले तर २७०० हातात, वेळ आठ तास. तिसरा टप्पा ६०००, वेळ तीन दिवस, म्हणजे २४ तास. तासाला काय पडलं ते काढा. चाचणी ६००. पहिला टप्पा ३५०. दुसरा ३३७. तिसरा २५०.

परत वाचा. जसजसं काम "मोठं" होत गेलं, तशी तासाची कमाई कमी होत गेली. शिवाय तीन दिवस तुमची जागा अडली, आणि परत येण्याची भीती तिसऱ्यातच सगळ्यात जास्त. महिन्याला २० चाचण्या झाल्या, त्यातल्या १४ गाड्यांनी पहिला टप्पा घेतला, ५ गाड्यांनी दुसरा आणि एकानं तिसरा, तर ६००० अधिक ९८०० अधिक १३,५०० अधिक ६००० मिळून ३५,३०० होतात. भाडं, वीज, पोऱ्याचा पगार यातून जायचाय. पण बघा, तिसरा टप्पा काढून टाकला तरी २९,३०० राहतात, आणि मोकळे झालेले तीन दिवस वर.

चाचणीचे पैसे घ्यायला लोक लाजतात. "बघायचे कसले पैसे?" असं गिऱ्हाईक म्हणेलच. तेव्हा काम दिलं तर ३०० बिलातून वजा करा, नाही दिलं तर घ्या. वजा केले तर तासाचं गणित थोडं खाली येईल, ते मनात धरा. पण आकडे लिहिलेलं कार्ड दोन्ही वेळा द्या. गाडी नंबर, तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, तीन वेळांचे सेकंद, गेजचं रीडिंग. त्याच कार्डावर मागच्या बाजूला "नंतर"चे रकाने मोकळे ठेवा.

सुरुवातीला लागणारी हत्यारं फार नाहीत. व्हॅक्यूम गेज, ओबीडी स्कॅनर, टॉर्क रेंच, गळती शोधायला धूर सोडायचं यंत्र. पेट्रोलसारखं काही फवारून गळती शोधायची जुनी पद्धत सोडा, गरम इंजिनावर भडका उडतो. उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. मुद्राच्या किशोर गटात ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं, एवढ्या सेटअपला ते पुरतं. जागा-शेडसकट मोठं करायचं असेल तर पीएमईजीपीत सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. त्यावर वेगळा व्हिडिओ आहे, इथं लांबवत नाही.

त्या ३८ हजारांच्या गिऱ्हाइकाचं पुढं काय झालं, हे कोणीतरी विचारणारच. तो आठेक महिन्यांनी भावाचा पिकअप घेऊन आला. मी आधी चाचणीला गेलो, १४ सेकंद लिहिले. फिल्टर बदलला, टर्बोच्या पाइपची एक सैल क्लिप घट्ट केली, परत त्याच रस्त्यावर गेलो. साडेबारा. मी म्हणालो, "मॅनिफोल्ड काढून साफ केला तर अजून थोडं मिळेल, साडेतीन हजार लागतील." त्यानं कार्ड हातात घेतलं, दोन्ही आकडे बघितले आणि म्हणाला, "राहू द्या दादा, एवढ्यात भागतंय. ऊस संपल्यावर आणतो."

मार्चमध्ये आणला.